लेकीचं विरजण

दुर्वा साबळे चौदाव्या वर्षी ब्याऐंशी किलोची होती. साताऱ्यात कंदी पेढ्यांचं दुकान असलेल्या घरात ही गोष्ट कोणाला फारशी गंभीर वाटली नाही. सुनंदाआत्या म्हणायची, "खात्यापित्या घरची पोर आहे." वर्गातली मुलं काय म्हणायची ते इथे लिहिण्याची गरज नाही.

तिचे वडील हणमंतराव स्वतः एकशेआठ किलोचे होते. पूर्वी ते पहाटे कढईपाशी उभे राहून चार-चार तास खवा घोटत, आणि त्यांचे दंड असे होते की शर्टाच्या बाह्या उसवायच्या. पुढे खवा घोटणारा यांत्रिक हात आला. तो थकत नव्हता, सुट्टी मागत नव्हता, खवा करपू देत नव्हता. त्याला फक्त चव कळत नव्हती. तेवढं एक काम हणमंतरावांकडे उरलं आणि ते त्यांनी खुर्चीत बसून मनापासून केलं.

बापलेकीला वजन उतरवायला डॉक्टर रुबीना मुजावरांनी एकाच दिवशी सांगितलं. भूक मारणारी इंजेक्शनं तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातही मिळत, पण वाढत्या वयाच्या मुलीला ती द्यायला बाईंनी साफ नकार दिला. त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. सकाळी पोटभर न्याहारी. जेवणात उसळ किंवा अंडी, भाजी भरपूर, भाकरी भुकेपुरती. गोड रविवारी, बसून, चवीनं आणि कोणापासून न लपवता. रोज अजिंक्यताऱ्याचा किल्ला चढायचा, जमेल तेवढा.

"आणि उपाशी राहायचं नाही," त्या दुर्वाला म्हणाल्या. "काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहायचं. काटा हा काही तुझा मास्तर नाही."

दोघांनी सोमवारी सुरुवात केली. हणमंतराव अकरा दिवस आले. बाराव्या दिवशी त्यांचा पाय मुरगळला. तो बरा झाला तेव्हा लग्नसराई होती, लग्नसराई संपली तेव्हा ऊन फार होतं. आरंभशूर माणसाला निमित्तांची कधीच वाण पडत नाही. दुर्वा मात्र जात राहिली. पहिल्या दिवशी किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत पोचायला तिला अठ्ठावन्न मिनिटं लागली, आणि वाटेत ती तीनदा रडली. दोन महिने काटा हललाच नाही. मग एका आठवड्यात दीड किलो गेलं आणि पुढच्या आठवड्यात अर्धा किलो परत आलं. भूक ही पाहुण्यासारखी आहे, येते, थोडा वेळ बसते आणि आपण फार लक्ष दिलं नाही तर निघून जाते, हे तिला हळूहळू कळलं. खरी भूक मात्र बसूनच राहते आणि तिला जेवायला वाढावंच लागतं, हेही कळलं. अडीच वर्षांनी ती त्रेसष्ट किलोची होती, चार बोटं उंच झाली होती आणि चोवीस मिनिटांत किल्ला चढत होती. जिल्ह्याच्या डोंगरधाव संघात तिचं नाव लागलं. आरशात बघताना ती आता मान वळवत नव्हती, आणि तिला वाटत होतं की आयुष्यात हे एकच काम आपण आपल्या हातानं पुरं केलं आहे.

त्याच वर्षी दसऱ्याच्या गर्दीत, गल्ल्यावर बसल्या बसल्या हणमंतरावांना दरदरून घाम फुटला. झटका सौम्य होता. रक्तवाहिनी मोकळी करून त्यांना आठवड्यात घरी पाठवलं. पण हृदयाचा स्नायू अशक्त झाला होता, साखर वर होती, आणि डॉक्टरांच्या मते त्यांना आता एकच खरं औषध उरलं होतं. ते म्हणजे चालणं. हणमंतरावांना माडीचा जिना चढताना दोनदा थांबावं लागत होतं.

इथे विरजण आलं.

सरकारी कागदांवर त्याचं नाव 'स्नायुसंदेश' असं होतं. त्यामागची गोष्ट तशी जुनी आहे. स्नायू हा नुसता ओझं उचलणारा हमाल नव्हे. तो कामाला लागला की शेकडो प्रकारचे रेणू रक्तात सोडतो, आणि ते रेणू पत्रासारखे शरीरभर जातात. यकृताला सांगतात, साखर आवर. चरबीला सांगतात, वितळायला लाग. हृदयाला सांगतात, बळकट हो. व्यायामाचा जो गुण येतो तो पुष्कळसा या पत्रांमुळे येतो. पळणाऱ्या उंदराचं रक्तद्रव्य बसून राहिलेल्या उंदराला दिलं तर त्यालाही थोडा गुण येतो, असं शास्त्रज्ञांना पूर्वीच दिसलं होतं. नंतर ही पत्रं रक्तातून गाळून घेण्याची रीत सापडली. व्यायाम संपल्यावर वीस मिनिटांच्या आत रक्त घ्यायचं, यंत्रातून फिरवून संदेश तेवढे काढायचे, उरलेलं रक्त परत द्यायचं. गाळलेल्या संदेशांची छोटी बाटली व्हायची. रोज सकाळी जिभेखाली चार थेंब, आठवड्याला एक बाटली. कारखान्यात हे मिश्रण बनवता येईना, कारण प्रत्येक घराण्याची पत्रं वेगळ्या अक्षरात लिहिलेली असतात आणि ती फक्त रक्ताच्या नातेवाइकालाच वाचता येतात.

पहिल्याच आठवड्यात लोकांनी 'स्नायुसंदेश' हा शब्द टाकून दिला. एकाच्या शरीरातलं थोडंसं दुसऱ्याच्या शरीरात घालायचं, मग ते शरीरही तसंच लागायला लागतं. याला मराठीत शब्द होताच.

दुर्वाला कोणी विचारलं नाही असं म्हणता येणार नाही. आई, म्हणजे शैलाताई, तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "तू तर रोज पळतेसच. त्यातलं थोडं त्यांना दिलंस तर तुझं काय जातंय?" दुर्वालाही तसंच वाटलं. वडील लाभार्थी असल्यामुळे संमतीवर आईनं सही केली. दर सोमवारी किल्ला उतरला की दुर्वा पायथ्याच्या स्नायुसंदेश केंद्रात जायची, वनिता सिस्टर तिच्या दंडात सुई लावायच्या आणि पाऊण तासानं ती शाळेत जायची.

दोन महिन्यांत हणमंतरावांची साखर उतरली. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. ते जिना न थांबता चढले आणि वर जाऊन मुद्दाम खाकरले, म्हणजे सगळ्यांना कळावं. गिऱ्हाइकांना पेढे बांधून देताना ते सांगायचे, "लेकीचं विरजण लागलंय मला." दुर्वाला ते ऐकून लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. बापाच्या छातीत आपण पळतो आहोत, असं एकदा तिच्या मनात आलं आणि त्या दिवशी ती साडेतेवीस मिनिटांत चढली.

संक्रांतीनंतर केंद्रातून निरोप आला की आता आठवड्यातून दोनदा यावं लागेल. हणमंतरावांच्या दंडावरची पट्टी त्यांचं मोजमाप रोज केंद्राच्या संगणकाला कळवत असे, आणि संगणकाच्या मते गुण अचानक कमी पडायला लागला होता. महिन्यानं दोनाचं तीनदा झालं.

मार्चमध्ये दुर्वाची धावण्याची विजार कमरेला घट्ट झाली. विजार आटली असेल असं समजून तिनं दुसरी घातली, तर तीही आटलेली. रविवारी ती काट्यावर उभी राहिली. अडुसष्ट. ती उतरली, काटा सपाट फरशीवर सरकवला आणि परत उभी राहिली. काटा आपल्या शब्दाला पक्का होता. खाण्यात काही बदललं नव्हतं. किल्ला एकही दिवस चुकला नव्हता, फक्त आता त्याला एकोणतीस मिनिटं लागत होती. प्रशिक्षकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "घरी पेढे चालू झाले का परत?" त्या दिवशी ती घरी येऊन मोरीत नळ सोडून बराच वेळ बसली.

डॉक्टर मुजावरांनी तिचे कागद दोनदा वाचले.

"तू पळतेस, स्नायू पत्र लिहितात, आणि पत्र टपालात पडायच्या आत आपण थैली रिकामी करतो," त्या म्हणाल्या. "तुझ्या शरीरापर्यंत ते पोचतच नाही. त्याच्या हिशेबी तू आठवड्यातले तीन दिवस झोपून आहेस."

"पण नियमात तर बसतं ना हे?"

"नियम ज्या दात्यांवरून केलेत ते जन्माचे सडपातळ होते. मुळातच बारीक असलेली माणसं वेगळी आणि वजन उतरवून बारीक झालेली वेगळी. तू उतरलीस, पण तुझ्या शरीराला अजून खात्री पटलेली नाही. ते परत जायला निमित्तच शोधत असतं." त्यांनी कागद मिटले. "तीनदा फार होतंय. पण खरं सांगू? एकदा दिलंस तरी वजन येणारच. हळू येईल, एवढंच."

"आणि नाही दिलं तर पप्पांचं?"

"त्यांना चालावं लागेल. आता ते चालू शकतात. सहा महिन्यांपूर्वी शक्य नव्हतं, आता आहे. पण चालतील की नाही, हे काही माझ्या तपासणीत दिसत नाही."

दुर्वानं हे घरी सांगितलं नाही. सांगितलं तर पुढे द्यायचं की नाही, हे ठरवावं लागलं असतं. एका पारड्यात बापाचं हृदय आणि दुसऱ्यात आपली कंबर, असं मनात मांडलं की तिला स्वतःचीच शरम वाटायची. पण ती नुसती कंबर नव्हती, हेही तिला माहीत होतं, आणि ते दुसऱ्याला पटवून देता येईल असे शब्द तिच्याकडे नव्हते. ती सोमवारी, बुधवारी, शनिवारी सुई लावून घेत राहिली.

एप्रिलच्या एका दुपारी ती डबा परत द्यायला सदर बझारात सुनंदाआत्याकडे गेली. उन्हातून आली म्हणून आत्यानं तिला फ्रिजमधलं पाणी घ्यायला सांगितलं. फ्रिजच्या दारात, दह्याच्या वाटीशेजारी एक तपकिरी बाटली होती. बाटलीवर छापलं होतं: दाता – दुर्वा हणमंत साबळे.

"आत्या, हे काय?"

"ते व्हय? विरजण तुझं," आत्या अगदी सहज म्हणाली. "हणमंता निम्मं देतो मला. गुडघं काय हलकं झाल्यात म्हणून सांगू. परवा मंडईतनं चालत आले."

"कधीपासून?"

"संक्रातीपासनं. अगं, माझंबी रक्त तेच की. घरातल्या घरात तर आहे."

दुर्वा पाणी न पिताच, ती बाटली घेऊन निघाली.

दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं. यांत्रिक हात कढईत गोल फिरत होता आणि हणमंतराव पेढ्यांवर साखर भुरभुरत होते. पूर्वीपेक्षा बारीक झालेले, गालफडं दिसायला लागलेले, हुशारीत. दुर्वानं बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी ती ओळखली, पण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. "सुनंदा मागायला आलती," ते म्हणाले. "विरजण मागायला आलेल्या माणसाला न्हाई म्हणायचं असतं का? घरातनं कुणी रिकाम्या वाटीनं गेलेलं न्हाई आजवर. आन् ती तर बहीण माझी."

"निम्मं तिला दिलंत म्हणून तुम्हाला कमी पडलं. तुम्हाला कमी पडलं म्हणून संगणकानं माझ्याकडून जास्त काढलं. पप्पा, माझं पाच किलो वजन वाढलंय. संघातून काढतील मला."

"पाच किलो म्हंजे काय लई न्हाई. विरजण दिल्यानं दही कुठं कमी होतंय का, पोरी?"

हणमंतरावांची सगळी चूक या एका वाक्यात होती, आणि ती त्यांच्या एकट्याची नव्हती. महाराष्ट्रभर लोकांनी त्या औषधाला हा शब्द दिला होता आणि मग शब्दाप्रमाणे वागायला लागले होते. चमचाभर घ्यावं, चमचाभर द्यावं, कोणाचं काही जात नाही. शास्त्रज्ञांनी दिलेलं जड नाव लोकांनी वापरलं असतं, तर कदाचित ते कोणी वाटीत घालून शेजारी दिलं नसतं.

"हे दही नाही, पप्पा," दुर्वा म्हणाली. "मी चढते तेव्हा ते होतं. अठ्ठावन्न मिनिटांवरून चोवीसवर आले मी, ते आहे हे. तुम्ही आत्याला दिलंत, पण ते तुमचं नव्हतंच द्यायला."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर हणमंतरावांना सोपं गेलं असतं, त्यांनीही आवाज चढवला असता. त्यांनी साखरेचं भांडं खाली ठेवलं आणि लेकीकडे नीट पाहिलं. तिच्या गालावर पुन्हा भरलेली गोलाई त्यांना दिसली. ती महिनाभर रोज त्यांच्यासमोर जेवत होती.

संध्याकाळी घरात बोलणं झालं. आत्याचं बंद करायचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. शैलाताई म्हणाल्या, "मग आता पहिल्यासारखं सोमवारीच दे. तेवढं तर झेपेल?"

"नाही द्यायचं मला, आई. एकदाही नाही."

"बाप आहे तो तुझा."

"माहितेय."

"उद्या यांना काही झालं तर तुझं तुलाच सहन व्हायचं नाही, दुर्वा."

"नाहीच होणार सहन," दुर्वा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. शैलाताई उठून आत गेल्या आणि भांडी जरा जोरात घासायला लागल्या.  हणमंतराव म्हणाले, "सकाळी केंद्रात जाऊ. मी येतो संगं."

सकाळी केंद्रात वनिता सिस्टरनी पडद्यावर त्यांचं खातं उघडलं. योजना बंद करायची तर लाभार्थ्याच्या अंगठ्यानंच करावी लागे, आणि कारण द्यावं लागे. पडद्यावर तीन कारणं आली. दाता आजारी. दाता नाखूश. लाभार्थी मृत.

"चौथं?" हणमंतरावांनी विचारलं.

"चौथं नाही, काका."

"म्हंजे मीच आपणहून नको म्हणतोय, असं लिवायचं कुठं?"

सिस्टरनी पडदा वरखाली करून पाहिला. मिळतंय ते नको म्हणणारा माणूस ही योजना करणाऱ्यांच्या डोक्यात आलेलाच नव्हता.

"'आजारी' केलं तर?"

"मग हिच्या कार्डावर लागतं ते. दोन वर्षं कुठल्याच संघात घेणार नाहीत."

"आन् हे दुसरं?"

सिस्टर दुर्वाकडे न बघता म्हणाल्या, "ते पण कार्डावर राहतं. आणि घरी समुपदेशक येतात तीन वेळा. मुलगी वडिलांना द्यायला का तयार नाही, याची शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही चौकशी करतात."

"नाखूशच लिहा," दुर्वा म्हणाली. "तेच खरं आहे."

"खरं असंल," हणमंतराव म्हणाले. "पण लिवायचं न्हाई."

त्यांनी चष्मा वर सरकवला, पडद्यावरची तिसरी ओळ बोटानं दाबली आणि सिस्टर पुढे यायच्या आत अंगठा काचेवर ठेवला. लाभार्थ्याच्या जिवंत अंगठ्यानं लाभार्थी मेल्याची नोंद झाली आणि यंत्राला त्यात काही वावगं वाटलं नाही. पडद्यावर आलं, 'शासन आपल्या दुःखात सहभागी आहे.' तिकडे घरी शैलाताईंच्या फोनवरही तोच निरोप गेला असणार. सहा महिने चाललेलं खातं करडं झालं आणि मिटलं.

"अहो काका, काय केलंत हे!" वनिता सिस्टर उभ्याच राहिल्या. "तुमचं सगळं कार्ड बंद होईल आता. हृदयाच्या गोळ्या कशा मिळणार? जिवंत असल्याचा दाखला लागेल. तहसीलला चार-चार हेलपाटे घालायला लावतात ते लोक."

"घालंन की," हणमंतराव म्हणाले. "तेवढंच चालणं हुईल."

त्यांनी आधी घरी फोन लावला. "शैला, आलाय तो निरोप खोटा हाय. मी बोलतोय. रडू नगो, आल्यावर सांगतो." पलीकडून बराच वेळ जे बोलणं झालं ते त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. मग ते बाहेर आले आणि उभ्या असलेल्या रिक्षाला त्यांनी हातानंच नको म्हटलं. तहसील कचेरी दीड-दोन किलोमीटर होती, आणि ऊन वर येत होतं.

दुर्वाला त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटत होतं आणि त्यांच्यावर ओरडावंसंही वाटत होतं. तिनं विचारलं, "मी येऊ?"

"तुझं अजून चढायचं ऱ्हायलंय ना आज? जा तू."

ते निघाले. विजेच्या दुसऱ्या खांबापाशी थांबले, खांबाला हात लावून श्वास घेतला आणि पुढे गेले. ती त्यांना वळणापर्यंत बघत राहिली. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती आता बरीच वर्षं आपल्याबरोबर राहणार हे तिला कळत होतं. मग ती किल्ल्याच्या रस्त्याला लागली. एकतीस मिनिटं लागली. उतरून ती केंद्राच्या दारावरून सरळ पुढे घरी गेली, आणि त्या दिवशीचं चढणं तिच्या अंगी लागलं.